पहिला धडा फुकट

जावयाची खुर्ची खिडकीजवळ होती आणि त्याच्या नोकरीत मिरवण्यासारखं तेवढंच होतं. शेअरदलालाच्या पेढीत तो फोनवर बसायचा. गिऱ्हाइकं अमुक घ्या, तमुक विका म्हणायची. तो घ्यायचा, विकायचा आणि मधल्या वेळात कुणाच्या गुडघेदुखीची, कुणाच्या मुलाच्या नोकरीची चौकशी करायचा. गिऱ्हाइकांचा त्याच्यावर जीव होता. शेअर पडले तरी ती त्याच्यावर चिडत नसत, बाजारावर चिडत. असली खुर्ची माणूस सहजासहजी सोडत नाही.

मग वरून नियम आला. गिऱ्हाइकाशी शेअरबद्दल अवाक्षर काढायचं असेल तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर परीक्षा द्यायला हवी. पेढीच्या मालकांनी जावयाला आत बोलावून शांतपणे समजावलं, की नियम लागू व्हायच्या आत पास झालास तर फोन तुझा, नाही झालास तर तळघरात जुनी कागदपत्रं लावायला जावं लागेल. तळघरात आधीपासून एक गृहस्थ होते. कुणी जिना उतरून आलं की ते दचकायचे. जावयाला आपलं भविष्य त्या गृहस्थांच्या रूपात दिसायला लागलं.

अभ्यासाचं त्याला भय नव्हतं. भय होतं ते परीक्षेचं. एरवी हा माणूस बाजाराबद्दल तासभर बोलेल, पण समोर प्रश्न आणि शेजारी घड्याळ आलं की पाटी कोरी. शाळेत असल्यापासून हेच. तोंडी विचारलं तर पहिला, लेखी विचारलं तर शेवटून पहिला. हे घरी कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कुणाचा विश्वासच बसत नसे.

पेढीतल्या पोरांनी सांगितलं, जाडजूड पुस्तकं कोण वाचतंय, व्हिडिओ कोर्स घ्या. घरी आल्यावर त्यानं हे बायकोच्या कानावर घातलं. बायको गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे तिला लांबण लावायची सवय राहिली नव्हती. ती म्हणाली, घे एखादा आणि लाग कामाला.

"एखादा?" असं म्हणून सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

इथेच सगळं बिनसलं. सासूबाई धाकटीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून सासरे थोरलीकडे राहायला आले होते. सिमेंटच्या कारखान्यात त्यांनी सारी हयात भांडारपाल म्हणून काढली. तीन ठिकाणची कोटेशनं मागवल्याशिवाय त्यांनी कारखान्यात साधा खिळा येऊ दिला नव्हता. आधी नमुना, मग तपासणी, मग तुलनेचा तक्ता, मग खरेदी. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण तक्ता सुटला नाही. मुलींसाठी स्थळं पाहतानाही त्यांनी प्रत्येकी तीन पाहिली होती. आपण त्यातले कितवे, हे जावयानं आजवर विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ही खरेदी माझ्यावर सोपवा. तुम्ही निर्धास्त राहा."

जावई निर्धास्त झाला. खोटं कशाला बोला, त्याला आतून गुदगुल्याच झाल्या. जोवर कोर्स ठरत नाही तोवर अभ्यास नाही, अभ्यास नाही तोवर परीक्षेचा विचार नाही, आणि वर सासऱ्यांचा मान राखल्याचं पुण्य. एवढी सोयीची टाळाटाळ नशिबानंच मिळते.

कोर्सवाल्यांचा बाजार एकदा उघडला की मिटत नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एक शोधावा तर त्याच्या खाली चार उभे. प्रत्येकाची छाती फुगलेली, प्रत्येकाचा विद्यार्थी पहिल्या झटक्यात पास. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती: पहिला धडा फुकट. सासऱ्यांनी हे वाचलं मात्र, त्यांचे डोळे लकाकले. नमुना मिळत असताना तो न तपासता माल घेणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी तीन कोटेशनांचा नियम शिथिल केला आणि दिसेल त्याचा नमुना मागवायचा चंग बांधला.

रोज संध्याकाळी जावई कामावरून आला की दोघं टेबलाशी बसत आणि फुकटचा पहिला धडा पाहत. पहिल्या धड्यात सगळे मास्तर एकच गोष्ट शिकवायचे: शेअर म्हणजे काय. कुणी दुकानाचे भाग करून दाखवले, कुणी केकचे, एकानं तर म्हशीचे. म्हशीवाल्यानं सासऱ्यांची झोप उडवली, कारण मागचा भाग ज्याच्या वाट्याला आला त्याला दूध मिळालं, मग पुढचा भाग घेणाऱ्यानं काय करायचं, याचा खुलासा बहुधा दुसऱ्या धड्यात होता आणि दुसऱ्या धड्याला पैसे पडत होते. एका मास्तरानं दुसऱ्याच कुणाच्या तरी चकचकीत गाडीला टेकून शिकवलं. सासरे म्हणाले, हा माल दाखवायचा सोडून गोदाम दाखवतोय. एक नवरा-बायको मिळून शिकवत होती; नवरा वाक्य सुरू करायचा आणि बायको संपवायची. जावयाच्या बायकोला तो कोर्स फार आवडला, पण तिचं मत तक्त्यात धरलेलं नव्हतं.

तक्त्यात आवाज, फळा, उदाहरणं, खोकला असे रकाने होते. खोकल्याचा रकाना सासऱ्यांनी मुद्दाम घातला होता. एका मास्तरांच्या डोक्यावरचा पंखा कुरकुरायचा आणि ते प्रत्येक वाक्याआधी खाकरायचे, त्यांना पहिल्याच दिवशी बाद केलं होतं. चाळून चाळून शेवटी दोन नावं उरली. एक ओरडे सर. ते मुद्दा सांगताना टेबलावर हात आपटायचे आणि विनोद करून स्वतःच हसायचे. जावयाला ते पसंत होते. दुसऱ्या संथ बाई. त्या एक वाक्य बोलून पाणी प्यायच्या. सासऱ्यांना त्या पसंत होत्या. दोघांनाही एकमेकांची आवड कळली होती आणि खरं घोडं तिथेच अडलं.

सासरे म्हणाले, जावईबापूंचे सर उत्तम, त्यांनाच घेऊ. जावई म्हणाला, छे, बाबा, तुमच्या बाईंना तोड नाही. सासरे म्हणाले, परीक्षा तुम्हाला द्यायची, पसंती तुमची. जावई म्हणाला, अनुभव तुमचा, शब्द तुमचा. सासऱ्यानं जावयाला दुखवायचं नाही आणि जावयानं सासऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी दोन्हीकडून शिकस्त चालली होती. ओरडे सर आवडत नसताना सासरे त्यांच्या विनोदांना हसून दाखवायचे. संथ बाई पाणी प्यायल्या की जावई वा वा म्हणायचा. असे किती दिवस गेले कोण जाणे. परीक्षेची तारीख मात्र मर्यादा वगैरे काही न पाळता जवळ येत होती.

एका संध्याकाळी बायको घरी आली ती तापूनच. तिच्या शिकाऊ गिऱ्हाइकानं ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबलं होतं. घरात येते तर टेबलावर पुन्हा केक कापला जात होता, शेअर म्हणजे काय. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायलं, टेबलावरचा फोन उचलला आणि ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला कोर्स निवडायचाच नाहीये," ती म्हणाली. "तुला परीक्षेला बसायचं नाहीये. तू घाबरलायस. आणि बाबा, तुम्ही त्याला लपायला जागा करून देताय."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. जावयाला खोटं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, की हो, घाबरलोय, पेपर समोर आला की मला काही आठवत नाही, अगदी नावसुद्धा जपून लिहावं लागतं. इतकी वर्षं लपवलेलं एका दमात बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच हलकं वाटलं. बायकोचा चेहरा जरा निवळला. पण हातात घेतलेला फोन तिनं खाली ठेवला नाही. तिनं कोर्सांच्या यादीत डोळे मिटून बोट ठेवलं आणि पैसे भरून टाकले. डोळे उघडून पाहते तर पंखा आणि खोकला.

आता माल घरात आला होता. जावई दिवसभर पेढीत. संध्याकाळी दमून यायचा, पंख्याची कुरकुर सुरू झाली की तिसऱ्या खोकल्याला त्याची मान कलायची. सासऱ्यांचं तसं नव्हतं. आलेला माल मोजून, तपासून, मगच आत घ्यायचा ही त्यांची शिस्त. तेव्हा जावई कामावर गेला की ते टेबलाशी बसायचे आणि प्रत्येक धडा उघडतो का, आवाज शेवटपर्यंत नीट आहे का, सांगितलेलं सगळं खरंच आत आहे का, हे पहिल्या खोकल्यापासून शेवटच्या खोकल्यापर्यंत तपासायचे. धड्यामागे सराव प्रश्न होते, तेही सोडवून पाहायचे, कारण सुटे भाग चालतात की नाही हे पाहिल्याशिवाय पोच देता येत नाही. या तपासणीत आपण काही शिकतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

परीक्षेचा अर्ज भरताना जावयानं सहज बोलून दाखवलं, की कुणी नुसतं शेजारी बसलं तरी धीर येईल. सासऱ्यांनी ते मनावर घेतलं. परीक्षा केंद्रावर चौकशी केली, तर उत्तर मिळालं, सोबतच्या माणसाला आत सोडत नाही, आत फक्त परीक्षार्थी. सासरे घरी आले आणि कुणालाही न सांगता स्वतःच्या नावाचा अर्ज भरून मोकळे झाले.

परीक्षेच्या सकाळी जावई केंद्रात जाऊन बसला, तर पलीकडच्या संगणकासमोर सासरे, इस्त्रीचा शर्ट घालून. जावयाला वाटलं भीतीनं भास होतोय. सासऱ्यांनी हळूच मान हलवली, म्हणजे मी आहे, घाबरू नका. त्यामुळे धीर येण्याऐवजी झालं भलतंच. सासऱ्यांसमोर आपली फजिती होणार या धास्तीनं जावयाला होतं नव्हतं तेही आठवेना. रोज शंभरदा तोंडात येणारे शब्द पडद्यावर परके दिसायला लागले. सासरे मात्र नुसते सोबतीला आले होते. पण पुढ्यात प्रश्न असताना हात बांधून बसायची त्यांना सवय नव्हती. वेळ जात नव्हता, म्हणून त्यांनी एकेक सोडवायला घेतला.

निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. जावई थोडक्यात नापास. सोबतीला आलेले सासरे झकास पास.

परतीच्या रस्त्यावर सासऱ्यांचा चेहरा असा, की त्यांच्याच हातून भांडार लुटलं गेलंय. घरात पाऊल टाकताच त्यांनी मुलीला सांगितलं, माझ्या हातून फार वाईट घडलं, मी पास झालो. दुसऱ्या दिवशी ते परीक्षेच्या कार्यालयात गेले आणि चुकून माझ्या नावावर आलेला परवाना जावयाच्या नावावर वळता करता येईल का, असं विचारून आले. तिथल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बरोबर घरातलं कुणी आहे का, असं विचारलं.

इकडे पेढीत मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. नियम लागू व्हायला आला होता, आणि फोनवर बसायला परवानेवाला माणूस नाही. फेरपरीक्षेला अवकाश होता. मालक बाहेरून नवा माणूस आणायच्या बेतात होते, आणि नवा माणूस एकदा त्या खुर्चीत बसला की तो कशाला उठतोय? जावयाला हे कळत होतं. त्यानं मालकांना सांगितलं, की परवानेवाला माणूस माझ्या घरात आहे, मी पास होईपर्यंत त्याला बसवा. मालकांनी विचारलं, माणूस खात्रीचा आहे ना? जावई म्हणाला, खात्री करून घेण्याचा रोग असलेला आहे.

सासरे काही केल्या तयार होईनात. जावयाच्या खुर्चीत सासऱ्यानं बसायचं, लोक काय म्हणतील? शेवटी जावयानं त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले, तेव्हा ते कसेबसे कबूल झाले.

सोमवारी सासरे खिडकीजवळ बसले आणि जावई तळघरात. तळघरातले गृहस्थ त्याला पाहून दचकले आणि मग इतके खूश झाले, की त्यांनी आपल्या कपाटाची किल्ली त्याला दाखवली. वरती सासऱ्यांनी गिऱ्हाइकांना घाम फोडला. कुणी म्हणावं, अमुक घ्या, की हे विचारणार, का? दुसरी दोन पाहिलीत का? चार दिवस थांबायला काय हरकत आहे? काही गिऱ्हाइकं वैतागली, काही चक्क थांबली. पण बरीचशी विचारायची, आमचा नेहमीचा माणूस कुठे गेला? सासरे सांगायचे, ते महत्त्वाच्या कामात आहेत, मी फक्त त्यांची खुर्ची सांभाळतोय.

नियम ठाऊक असणं निराळं आणि गिऱ्हाईक ठाऊक असणं निराळं, हे सासऱ्यांना पहिल्याच दिवशी उमगलं. परवाना होता, पण फोनवरच्या प्रश्नांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. त्यामुळे संध्याकाळी घरी आले की ते हातपाय धुऊन जावयासमोर बसायचे आणि विचारायचे. एक बाई म्हणत होत्या, कर्जरोखे आणि शेअर यात माझ्यासारखीनं काय घ्यावं? एक जण विचारत होता, कंपनी बुडाली तर आधी कुणाला पैसे मिळतात? जावई सांगायचा, आणि रंगून सांगायचा. त्या बाई एकट्या आहेत, त्यांना रोखेच बरे, का ते ऐका. तो जो विचारत होता ना, तो मागे एकदा पोळलाय, त्याला असं समजावा. सासरे मधूनमधून पंख्याखालच्या मास्तरांचा दाखला द्यायचे, जावई तो खोडून काढायचा किंवा पुढे न्यायचा. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि काही बोलायची नाही. शिकाऊ माणसाचा हात स्टिअरिंगवर बसला की मधे बोलायचं नसतं, एवढं तिला धंद्यामुळे कळत होतं.

फेरपरीक्षेच्या दिवशी सासऱ्यांना सोबत जाता येईना, कारण फोन. जावई एकटा गेला. संगणकासमोर बसला, पाटी कोरी व्हायला लागली. पहिला प्रश्न होता, कंपनी बुडाली तर देणी कोणत्या क्रमानं भागवतात. जावई त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग त्याच्या मनात आलं, अरे, हा तर परवा बाबांनी विचारला, तो पोळलेला माणूस. बाबांना काय सांगितलं होतं आपण? त्यानं तेच उत्तर दिलं. पुढचाही कुणीतरी फोनवर विचारला असावा असं धरून चालला. घड्याळाकडे त्याचं लक्षच गेलं नाही. निकाल आला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला आणि पुढच्या उमेदवाराला जागा द्यायची म्हणून उठला.

तो थेट पेढीत गेला. सासरे फोनवर होते. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात चष्मा, आणि पलीकडच्या माणसाला घाई करू नका म्हणून पटवणं चाललेलं. जावई दारातच थबकला. खिडकीतून ऊन आलं होतं आणि सासरे त्या खुर्चीत पाय जरा लांब करून बसले होते. भांडारात जन्म काढलेल्या माणसाला खिडकी कधी मिळाली नव्हती. किती दिवसांत जावयानं त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात एकदम आलं, नकोच सांगायला. राहू दे त्यांना बसलेलं. तळघर काही इतकं वाईट नाही, ते गृहस्थही आता दचकत नाहीत.

तो मागे वळणार इतक्यात सासऱ्यांनी वर पाहिलं. तोंडावरूनच त्यांना कळलं. जावयानं घाईघाईनं सांगून पाहिलं, की निकाल अजून लागायचाय, तुम्ही बसा, काही घाई नाही. गाडीला टेकलेल्या मास्तराला पकडणारा माणूस हा, त्याला हे पटणं शक्य नव्हतं. सासऱ्यांनी पलीकडच्या गिऱ्हाइकाला एक मिनिट थांबायला सांगितलं, उठून उभे राहिले, आणि लग्नापासून जावईबापू, अहो, तुम्ही असं करत आलेला तो म्हातारा पहिल्यांदाच म्हणाला,

"ये रे, बस. कशाला खोटं बोलतोस माझ्याशी?"

जावयाला भरून आलं. त्याला त्यांना वाकून नमस्कार करायचा होता, मिठी मारायची होती, तीन स्थळांतला मी कितवा होतो हेसुद्धा एकदाचं विचारून टाकायचं होतं. पण गिऱ्हाईक लाइनवर होतं, म्हणून त्यानं आधी फोन घेतला.